तिच्या वतीने

पिळण्याचं यंत्र थांबलं की चादरी टोपलीत भरायच्या, टोपली कमरेवर घ्यायची आणि जिना चढून गच्चीवर जायचं, हे त्या घरातल्या थोरल्या सुनेचं रोजचं काम होतं. खाली धुलाईचं दुकान, पहिल्या मजल्यावर बिऱ्हाड, दुसऱ्यावर धाकट्या दिराची खोली आणि इस्त्री झालेल्या कपड्यांचे गठ्ठे, आणि त्याच्यावर गच्ची. शहरातल्या काही लॉजच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल इथे धुवायला येत. ओली चादर किती जड असते हे ज्याने ती कधी उचलली नाही त्याला सांगून कळायचं नाही, आणि टोपलीत तशा बऱ्याच असत.

जिन्याच्या पहिल्या वळणावर थोरली खिडकी लावायला थांबे. खिडकी लावलेली असली तर उघडायला थांबे. दुसऱ्या वळणावर टोपली कठड्यावर टेकवून ती चिमटे नीट लावत बसे. गच्चीच्या दाराशी तिला किल्ली सापडत नसे, आणि किल्ली तर रोज तिच्या मनगटालाच बांधलेली असे.

खाली यंत्राशी उभा असलेला धाकटा दीर मोठा विनोदी. पावलं थांबली की तो तोंडाने शिट्टी वाजवी आणि ओरडे, "पॅसेंजर थांबली रे." पावलं पुन्हा सुरू झाली की दुसरी शिट्टी. लग्न होऊन आली तेव्हा वहिनी एक्सप्रेस होती, आता सगळी स्टेशनं घेत जाते, असं तो गिऱ्हाइकांनाही सांगे. बघता बघता 'पॅसेंजर' हे थोरलीचं घरातलं नाव झालं. तिची शाळकरी मुलगीही ती शिट्टी शिकली. थोरली स्वतःही हसायची. हसायलाही दम लागतो, म्हणून बेतानेच हसायची.

सासूबाई पहिल्या वळणावर एका स्टुलावर बसलेल्या असत. तिथून खालचं दुकानही दिसे आणि वरच्यांना हाकही मारता येई. त्यांना ती जागा इतकी सोयीची वाटे की गच्चीवर त्या कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या.

आता थोडं मागचं सांगायला हवं. आदल्या वर्षी याच जिन्यात साबणाच्या पाण्यावरून थोरलीचा पाय घसरला. हाड मोडलं, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि ती कितीतरी दिवस पलंगावर पडून राहिली. एका दुपारी पडल्या पडल्या तिच्या छातीत कळ आली आणि श्वास घेता येईना. पायात रक्ताची गुठळी झाली होती. ती रक्ताबरोबर वाहत जाऊन फुप्फुसात अडकली होती. त्या दिवशी घर कसं धावलं हे खरंच बघण्यासारखं होतं. नवऱ्याने तिला उचलून गाडीत घातलं, दिराने दुकान उघडं टाकलं, सासूबाई इस्पितळाच्या बाकावर बसून राहिल्या आणि चहालाही उठल्या नाहीत. फुप्फुसांचा फोटो निघाला, गुठळी दिसली, औषधं सुरू झाली आणि थोरली वाचली. हे त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

घरी सोडताना छातीच्या डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून नीट समजावलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तीन महिने चुकवायच्या नाहीत. तीन महिन्यांनी परत यायचं. बहुतेकांची गुठळी तोवर विरघळलेली असते. पण काहींची राहते आणि रक्तवाहिनीला आतून चिकटून बसते. तेव्हाही दम लागत असेल, तर फुप्फुसांचा दुसरा फोटो काढायचा, जरा वेगळ्या प्रकारचा. गुठळी राहिली असेल तर त्यात कळतं, आणि वेळेत कळलं तर त्यावर उपाय असतो.

"दम लागला तर," असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे सगळं एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होतं.

तीन महिन्यांनी ते तिघं तपासणीला गेले. थोरली मधल्या खुर्चीत, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासूबाई. काय सांगायचं ते थोरलीने घरून मनाशी जुळवून आणलं होतं. तिला बोलायची सवय नव्हती म्हणून वाक्य लहानच ठेवलं होतं. डॉक्टर कागद चाळत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "जिना चढताना दम लागतो का?"

थोरलीने तोंड उघडलं.

"छे हो," सासूबाई म्हणाल्या. "आता अगदी ठणठणीत आहे. सगळं काम करते."

"आमचं घरच जिन्याचं आहे डॉक्टर," नवरा म्हणाला. "दिवसभर वर-खाली चाललेलं असतं तिचं."

डॉक्टरांना ते पटलं. दिवसभर जिना चढणाऱ्या बाईला कसला दम लागणार? त्यांनी आता मान वर केली आणि तिच्याकडे बघून विचारलं, बरं वाटतंय ना? नवऱ्याला आणि सासूला परक्या माणसासमोर खोटं पाडल्याशिवाय तिला 'नाही' म्हणता येणार नव्हतं. ती 'हो' म्हणाली. दुसऱ्या फोटोची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्याही बंद केल्या आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. जुळवून आणलेलं वाक्य थोरली तसंच घरी घेऊन आली.

या घरात बाईला कोणी मारत नव्हतं. तिच्या माहेरी कोणी काही मागितलं नव्हतं, तिला उपाशी ठेवलं नव्हतं. वर्तमानपत्रात छापावं असं इथे काहीच घडत नव्हतं. फक्त एक रीत होती. घरातल्या सुनेचं दुखणं घरातल्या मोठ्या बाईने सांगायचं, मोठी बाई नसेल तर नवऱ्याने सांगायचं, आणि सुनेने शेजारी बसायचं. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं दुखणं सांगणारी बाई कामचुकार किंवा निर्लज्ज, कधी दोन्ही. सासूबाईंच्या सासूने सासूबाईंचं सांगितलं होतं. आता सासूबाई थोरलीचं सांगत होत्या, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे त्या तिच्यावर मायाच करत होत्या. हीच रीत तुमच्या-माझ्या घरात नाही असं छातीवर हात ठेवून कितीजण म्हणतील?

थोड्याच दिवसांत धाकट्याचं लग्न झालं आणि धाकटी सून घरात आली. तिला दुकानाच्या काउंटरवर बसवलं. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तिला धंद्याची एक गोष्ट शिकवली. कपड्यावर डाग असेल तर तो कशाचा हे कापड ज्याचं त्यालाच विचारायचं, आणून देणाऱ्याला नाही. आणणारा अंदाजाने सांगतो. तो चहाचा म्हणतो, निघतो लोखंडाच्या गंजाचा, मग त्यावर चुकीचं औषध पडतं आणि कापड हातचं जातं. मालक आला नसेल तर त्याला फोन लावायचा, पण विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. सासूबाई या बाबतीत फार कडक होत्या आणि त्या दुकानाचं नाव त्यामुळेच होतं.

धाकटीही पहिले काही आठवडे 'पॅसेंजर' म्हणून हसली. नवीन सुनेला घरात मिसळायचं तर घरच्या विनोदाला हसावंच लागतं. पण एकदा लॉजचं काम फार आलं म्हणून तिलाही एक टोपली घेऊन वर जावं लागलं. थोरली तिच्या पुढे होती. दुसऱ्या वळणावर थोरलीने टोपली कठड्यावर टेकवली आणि चिमट्यांना हात लावला. धाकटीने पाहिलं तर चिमटे सगळे नीटच होते. थोरलीची बोटं नुसती त्यांच्यावरून फिरत होती. तिचे ओठ जांभळट दिसत होते. पाय सुजले होते आणि चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल उमटला होता.

धाकटीने तिला पायरीवर बसवलं. दोघी टोपल्यांच्या मध्ये बसल्या. खालून शिट्टी आली, "आज दोन-दोन गाड्या थांबल्यात."

"ताई, तुम्ही हे डॉक्टरांना सांगितलं होतंत?"

"डॉक्टरांनी विचारलं होतं."

"मग?"

"मग आईंनी सांगितलं," थोरली म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जे झालं ते ती सांगत होती.

त्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना धाकटीने विषय काढला. ताईंना डॉक्टरांकडे परत न्यायला हवं, तो दुसरा फोटो काढायला हवा, असं तिने सरळ सांगितलं. सासूबाई म्हणाल्या की डॉक्टरांनी तपासून ती बरी असल्याचं सांगितलंय, आता हिला डॉक्टरपेक्षा जास्त कळायला लागलं का? त्या चुकीचं बोलत नव्हत्या. डॉक्टरांनी खरंच तसं सांगितलं होतं. घरच्यांनी डॉक्टरांना सांगितलं ती बरी आहे, मग डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं ती बरी आहे, आणि आता घरचे धाकटीला डॉक्टरांचा दाखला देत होते.

"डॉक्टरांना कोणी सांगितलं, आई?" धाकटीने विचारलं. "डाग कशाचा ते कापड ज्याचं त्यालाच विचारायचं, असं तुम्हीच मला शिकवलंत ना?"

"माणूस म्हणजे चादर नव्हे," सासूबाई म्हणाल्या, आणि ताटाकडे बघत जेवत राहिल्या.

नवरा समजुतीच्या सुरात बोलला. लॉजचं गर्दीचं काम संपू दे, मग बघू. शिवाय गच्चीवर कप्पी बसवायचीच आहे. एकदा कप्पी बसली की टोपल्या दोरीने वर जातील आणि हिला आरामच आहे. कप्पीचं हे बोलणं थोरलीच्या पायाला प्लास्टर होतं तेव्हापासून चालू होतं. कप्पी आणूनही ठेवली होती, ती स्टुलाखालीच पडलेली असे. थोरली म्हणाली, "राहू दे गं. माझ्यावरून वाद नको." विषय संपला. धाकटा एरवी अशा वेळी काहीतरी विनोद करायचा. त्या दिवशी त्याला सुचला नाही.

धाकटीने मात्र विषय सोडला नाही. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आपण दोघीच जाऊ, घरी काहीतरी निमित्त सांगू, असं तिने थोरलीला पटवलं. पटवायला बरेच दिवस लागले. निमित्त काय सांगायचं यावर दोघी कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे बसून खुसखुसत, शाळेतून पळून जाणाऱ्या मुलींसारख्या. थोरलीने एकच अट घातली.

"तू आत ये. पण बोलू मला दे. मी जुळवून ठेवलंय."

सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी एका लॉजचा निरोप आला की सगळ्या चादरी आजच्या आज हव्यात. यंत्र लागोपाठ चालू राहिलं. धाकटी काउंटरवर अडकली होती. तिने दोनदा ओरडून सांगितलं की वरच्या टोपल्या मी नेते, थांबा. पण ओल्या चादरी टोपलीत साचत राहिल्या आणि थोरलीला साचलेलं काम बघवत नसे. तिने टोपली उचलली.

पावलं पहिल्या वळणावर थांबली. खालून शिट्टी वाजली. पावलं पुन्हा सुरू झाली, दुसरी शिट्टी वाजली. दुसऱ्या वळणावर पावलं पुन्हा थांबली आणि धाकट्याने पुन्हा शिट्टी वाजवली. मग तो वाट बघत राहिला. गाडी सुटेना. त्याने गंमत म्हणून आणखी एकदा, जरा लांबवून, शिट्टी वाजवली. वरून टोपली घरंगळत आली आणि ओल्या चादरी सासूबाईंच्या स्टुलापर्यंत पसरल्या.

घर पुन्हा धावलं. पुन्हा तीच गाडी, तेच इस्पितळ, तोच बाक. धावण्यात हे घर कधीच कमी पडलं नाही.

या वेळी थोरली जरा स्थिरावल्यावर डॉक्टरांनी तो दुसरा फोटो काढायचं ठरवलं. इस्पितळाच्या तळमजल्यावर एका जाड दाराच्या खोलीत ते यंत्र होतं. थोरलीला चाकाच्या खुर्चीतून तिथे नेलं. सवयीप्रमाणे सासूबाई आणि नवरा तिच्या दोन्ही बाजूंनी आत शिरू लागले. खोलीतल्या तंत्रज्ञ बाईंनी त्यांना दारातच थांबवलं. या तपासात किरणं सोडणारं औषध वापरतात, पेशंटशिवाय आत कोणाला सोडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या की हिला काही सांगता येत नाही, मी असलेली बरी. "मी विचारीन त्यांना," म्हणून बाईंनी दार लावून घेतलं.

तपास साधा होता. आधी तोंडात नळी धरून औषध मिसळलेली हवा ओढायची, म्हणजे फुप्फुसात हवा कुठवर पोचते ते पडद्यावर दिसतं. मग शिरेत सुई, म्हणजे रक्त कुठवर पोचतं ते दिसतं. थोरलीला उताणं झोपता येत नव्हतं म्हणून बाईंनी तिच्या पाठीखाली उशा लावल्या. हे अभ्रे आमच्याकडे धुतलेले नाहीत, आमच्याकडून इतके मळकट जात नाहीत, असं थोरलीने बाईंना सांगितलं, आणि दोघी हसल्या. मग सगळ्यांना विचारतात तसंच बाईंनी विचारलं, "दम लागतो का? कधीपासून?"

थोरलीने दाराकडे बघितलं. दार बंद होतं. उत्तर द्यायला खोलीत दुसरं कोणीच नव्हतं.

"पायऱ्या चढताना दम लागतो आणि छातीत भरून येतं," ती म्हणाली. तेच ते जुळवून ठेवलेलं वाक्य होतं. ते नीट, न अडखळता बाहेर पडलं. आणि एकदा ते बाहेर पडल्यावर त्याच्यामागे बाकीचंही आलं. पहिल्या वेळी घरी सोडलं त्या दिवसापासून दम लागतो. खिडकी, चिमटे आणि किल्ली ही सगळी सोंगं होती. पायाला सूज येते. झोपेत उठून बसावं लागतं. ती थांबत थांबत बोलत होती आणि बाई यंत्राच्या बटणावरचा हात काढून ऐकत होत्या.

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"बोलायची माझी पाळीच आली नाही," थोरली म्हणाली.

तिच्या सबंध आजारपणात इस्पितळात तिचं दुखणं तिला एकटीला विचारलं गेलं ते एवढंच. तेही किरणांमुळे घरच्यांना बाहेर थांबवलं होतं म्हणून.

फोटोत हवेचं चित्र भरलेलं होतं. रक्ताच्या चित्रात कुरतडल्यासारख्या मोकळ्या जागा होत्या. फुप्फुसात हवा जात होती, पण जुन्या गुठळ्या रक्तवाहिन्यांना आतून चिकटून घट्ट झाल्या होत्या, आणि तिकडे रक्त पोचतच नव्हतं. अशा तुंबलेल्या वाटांमधून रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू फुगली होती. डॉक्टरांनी हे घरच्यांना आपल्या खोलीत बसवून सांगितलं. या गुठळ्या सोलून काढायची शस्त्रक्रिया असते, ती मोजक्याच मोठ्या इस्पितळांत होते, आणि ती सोसायला हृदयात ताकद उरलेली असावी लागते. आपण तिकडे पाठवू, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दम लागणं सुरू कधी झालं?"

इतकी वर्षं तिच्या वतीने बोलणाऱ्या माणसांपैकी एकालाही आता बोलता येईना.

"पहिल्यापासून," धाकटी म्हणाली. "इथून घरी आल्यापासून. घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्यांना पॅसेंजर म्हणायचो. प्रत्येक वळणावर थांबतात म्हणून."

डॉक्टर म्हणाले, "पण मी विचारलं होतं तेव्हा."

"विचारलं होतंत, डॉक्टर. उत्तर कोणी दिलं ते बघितलं नाहीत."

ते वाईट डॉक्टर नव्हते. बाहेर बाकावर पेशंट खोळंबलेले असत, आणि खुर्चीतल्या तीन माणसांपैकी जो चटकन आणि स्पष्ट बोलेल त्याचं ऐकून पुढे जायची त्यांना सवय लागली होती. तीन महिन्यांनी हा फोटो काढला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगायला घेतलं आणि मध्येच सोडलं. बाकीचं सगळ्यांना कळलं होतं.

मोठ्या इस्पितळात जागा मिळाली. तिकडे न्यायची गाडी ठरली. थोरलीने मुलीला भेटायला आणायला लावलं आणि तिची वेणी घालून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी इस्पितळाच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा थोरली गेलेली होती.

लॉजच्या चादरी थांबत नाहीत. दिवसकार्य उरकल्यावर दुकान उघडलं, यंत्र सुरू झालं आणि पहिली टोपली घेऊन नवरा जिना चढला. त्याच्या फुप्फुसांना काही झालेलं नव्हतं. तो पहिल्या वळणावर थांबला. दुसऱ्या वळणावर त्याने टोपली कठड्यावर टेकवली आणि तिथेच पायरीवर बसून रडला. खाली कोणी शिट्टी वाजवली नाही. मुलीने तर ती आपणहूनच सोडली होती.

त्याच आठवड्यात स्टुलाखालची कप्पी बाहेर निघाली. दोन मोठे खिळे, एक लोखंडी आकडा आणि दोरी. एका दुपारचं काम होतं. संध्याकाळी पहिली टोपली दोरीने वर गेली तेव्हा शेजारचे दुकानदार बघायला आले आणि छान सोय झाली म्हणाले.

काही महिने गेले. सासूबाईंच्या पायांवर सूज दिसू लागली. स्टुलापर्यंत येतानाही त्या कठडा धरू लागल्या. त्या स्वतः काही बोलल्या नाहीत. धाकटीनेच ते हेरलं आणि त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. डॉक्टर तेच. थोरला मुलगाही बरोबर आला. सासूबाई मधल्या खुर्चीत बसल्या, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून. डॉक्टरांनी या वेळी कागद बाजूला ठेवला आणि खुर्ची वळवून त्यांच्या समोर घेतली.

"काय होतंय तुम्हाला, आजी?"

"तसं काही विशेष नाही डॉक्टर," मुलगा म्हणाला. "वयोमानाप्रमाणे जरा—"

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "त्यांना विचारलंय."

तो थांबला. सासूबाईंनी सवयीने त्याच्याकडे बघितलं, मग धाकटीकडे बघितलं. त्यांनी तिचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "तूच सांग गं. तुला माहीत आहे सगळं."

धाकटीला खरंच सगळं माहीत होतं. तिने ते दोन वाक्यांत सांगितलं असतं. त्या क्षणी तिच्या मनात माया होती की राग, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिने आपला हात सोडवून घेतला नाही, पण मानेने नकार दिला.

"मी नाही सांगणार, आई. यापुढे या घरात कोणाचंच कोणी सांगणार नाही."

डॉक्टर वाट बघत राहिले. बाहेर पेशंट ताटकळले होते तरी त्यांनी घंटीला हात लावला नाही. सासूबाई बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी हा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलं होतं, आणि सुरुवात कुठून करायची ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"जिन्यात दम लागतो," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हणून तर ते स्टूल ठेवलंय." मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तिचं मला पहिल्या दिवसापासून कळत होतं."